सांडग्यांचा डबा आणि बर्फाचा कप्पा

(वडूज येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, शिष्यवृत्त्यांचे वाटप झाले. अशा थोर कार्यानंतर एका निवृत्त शिक्षकाने उठून खिम्याच्या गोळ्यांवर बोलावे, याचे काहींना हसू येईल. कार्यकारी मंडळाने आम्हांस विषय विचारला, तेव्हा सुसंस्कार किंवा शिस्त असे काहीतरी आम्ही सांगू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आमचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचे, म्हणजे मॅट्रिकचे. पाकशास्त्राचा अधिकार आमच्याकडे नाही. तथापि गेल्या दोन वर्षांत आमच्या घरी या पदार्थापायी जे घडले, त्यात एक मोठी चूक आमच्या हातून झाली. ती चार लोकांसमोर सांगितल्याने दुसऱ्या एखाद्या घरातील मूल आजारापासून वाचणार असेल, तर हसू सोसण्यास आमची हरकत नाही.

प्रथम घरची परिस्थिती सांगतो. आमच्या घरात आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि सात वर्षांचा नातू असे पाच जण. चिरंजीव व सूनबाई दोघेही नोकरीनिमित्त सकाळी बाहेर पडतात. सूनबाई घरी पोहोचतात तेव्हा सायंकाळचे सात वाजलेले असतात. त्यानंतर भाकरी थापणे, कालवण करणे आणि मुलाचा अभ्यास घेणे. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे आता त्यांना चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढे, फार वेळ उभे राहू देत नाहीत. आणि आम्ही? आम्ही सज्जात बसून वर्तमानपत्र वाचत असू. हे सांगताना आज संकोच वाटतो. पण खरे ते सांगितले पाहिजे.

त्यातून नातवाची तऱ्हा अशी, की दुधी, भोपळा, पालक, मेथी यांपैकी काही ताटात दिसले, की तो ताट सरकवून देई. मटणाचा रस्सा असला म्हणजे मात्र दीड भाकरी खाई. शाळेच्या आरोग्य तपासणीत त्याच्या अंगी रक्त कमी असल्याचे निघाले. त्यात तो एकटा नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत आपल्या देशातील ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. म्हणजे तीन मुलांमागे दोन मुले. हा आकडा केवळ गरिबाघरचा आहे अशी कोणी समजूत करून घेऊ नये. खाऊनपिऊन सुखी असलेल्या आमच्या घरातही तो उंबरठा ओलांडून आला होता.

सूनबाईंनी यावर एक युक्ति काढली. मटणाच्या खिम्यात किसलेल्या भाज्या मिसळून त्याचे गोळे करावयाचे, रविवारी एकदम चाळीस-पन्नास करून बर्फाच्या कप्प्यात ठेवावयाचे, आणि आठवड्यात लागतील तसे काढून रश्श्यात सोडावयाचे. मुलाला भाजी दिसत नाही, आणि सायंकाळचा एक तास वाचतो. याच पदार्थाला शहरातील मंडळी कोफ्ता म्हणतात. तो शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ 'कुटलेले' असा आहे. युरोपात व अमेरिकेतही असा पदार्थ घरोघरी होतो, आणि तेथील मातादेखील मुलांसाठी त्यात भाज्या दडवितात असे ऐकतो. तेव्हा मुलांची खोड आणि आयांची युक्ति सर्व जगात सारखीच म्हणावयाची.

परंतु आम्ही त्या बेताला मोडता घातला. "आमच्या घरात शिळे अन्न चालणार नाही," असे आम्ही म्हणालो. सूनबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या आमच्या सौभाग्यवती. त्या म्हणाल्या, "अहो, सासूबाईंचे सांडगे वर्षभर खाल्लेत ते कधी शिळे वाटले नाहीत. मग हे कसे शिळे?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

बंधूंनो, आपल्यापैकी जी मंडळी साठीच्या पुढे आहेत त्यांनी जरा आठवून पाहावे. आपला खटाव आणि शेजारचा माण हे तालुके पर्जन्यछायेतले. येरळेला पाणी असले तर असले. हिरवी भाजी बारा महिने मिळेल ही कल्पनाच आपल्या लहानपणी नव्हती. म्हणून चैत्र-वैशाखाच्या उन्हात आपल्या आया डाळ भिजवून भरड वाटीत. त्यात कोहळा अगर काकडी किसून घालीत. मिरची, जिरे, मीठ घालून बाजेवर धुतलेल्या धोतराच्या पानावर त्याचे लहान लहान सांडगे तोडीत. ते खडखडीत वाळले की पत्र्याच्या डब्यात भरून ठेवीत. आषाढात पाऊस लागला, रानातून काही आणण्याची सोय उरली नाही, की मूठभर सांडगे तेलावर परतून त्यांचे कालवण होई. आता नीट पाहा. डाळीच्या गोळ्यात भाजी दडविलेली आहे. सवडीच्या दिवसांत केलेले आहे. अडचणीच्या दिवसांसाठी राखलेले आहे. सूनबाईंचा बेत तरी याहून निराळा काय होता?

१९७२ च्या दुष्काळात आम्ही चौदा वर्षांचे होतो. दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी आणि तांबड्या मिलोची भाकरी आम्ही खाल्लेली आहे. त्या वर्षी आमच्या घरी डब्याच्या तळाशी आदल्या वर्षीचे थोडे सांडगे उरले होते. आई ते मोजून काढी, माणशी चार. त्या दिवसांनी आम्हांला अन्नाचा कण टाकू नये हे शिकविले. ही शिकवण चांगलीच; पण पुढे तिनेच आमचा घात कसा केला ते सांगणार आहे.

त्याआधी थोडे शास्त्र सांगू द्या; शिक्षकाची जीभ राहत नाही. अन्न नासते ते मुख्यतः सूक्ष्म जंतूंमुळे, आणि जंतूंना वाढण्यास पाणी लागते. सांडग्यातील पाणी आपण उन्हाने काढून घेतो. बर्फाच्या कप्प्यात पाणी तेथेच राहते, परंतु ते गोठल्यामुळे जंतूंच्या उपयोगी पडत नाही. मार्ग दोन, तत्त्व एक. लॅब्राडोरच्या हिमप्रदेशात तेथील इनुइट लोक कडाक्याच्या थंडीत पकडलेले मासे क्षणात गोठवून ठेवीत आणि ते पुष्कळ दिवसांनी शिजविले तरी ताज्यासारखे लागत, हे क्लॅरेन्स बर्ड्‌सआय नावाच्या अमेरिकन गृहस्थाने पाहिले, आणि १९२० च्या दशकात त्यावरून झटपट गोठविण्याचा उद्योग उभा केला. झटपट यासाठी, की अन्न सावकाश गोठले तर बर्फाचे मोठे स्फटिक बनतात, ते अन्नाच्या पेशी फोडतात, आणि वितळल्यावर सारा रस पाण्यावाटे निघून जातो. आपल्या देशात गोदरेजने १९५८ साली शीतकपाटे बनविण्यास आरंभ केला; आज ती वाडीवस्तीवर पोहोचली आहेत. कपाट पोहोचले, ते वापरण्याची रीत मात्र त्याबरोबर पोहोचली नाही.

आता कृती सांगतो. ही सूनबाईंची आहे. आम्ही केवळ लिहून घेतली आणि नंतर स्वतः करू लागलो.

बोकडाच्या मटणाचा खिमा १ किलो. भाज्या सोललेल्या व निवडलेल्या वजनाने अशा: दुधी १५० ग्रॅम, गाजर १०० ग्रॅम, तांबडा भोपळा १०० ग्रॅम, आणि पालक अगर शेवग्याचा कोवळा पाला ५० ग्रॅम. एक मोठा कांदा, आले, लसूण, मूठभर कोथिंबीर, दोन लहान चमचे मीठ आणि घरचा कांदा-लसूण मसाला बेताने. बांधणीसाठी डाळ्यांचे पीठ चार मोठे चमचे आणि एक अंडे.

पहिली गोष्ट भाज्यांतील पाण्याची. दुधी, गाजर व भोपळा बारीक किसावा, चिमूटभर मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवावा आणि घट्ट पिळावा. पिळलेले पाणी ओतू नये. त्यात भाकरीचे पीठ मळावे. नंतर हा कीस, बारीक चिरलेला पाला व कांदा तव्यावर कोरडा होईपर्यंत परतून पूर्ण निववावा. हे परतणे दोन कारणांसाठी आहे. एक, पाणी राहिले तर गोळा फुटतो आणि गोठल्यावर त्यात बर्फाचे खडे होतात. दुसरे, गोठविल्याने भाजीतील रस बदलविणारी द्रव्ये थांबत नाहीत, केवळ मंदावतात. त्यांना आधी आच लागली म्हणजे महिन्याभराने भाजीला गवताचा वास येत नाही.

मग सर्व जिन्नस खिम्यात घालून हाताने चांगले मळावे. पीठ मळताना जसा चिकटपणा येतो तसा खिम्याला आला म्हणजे गोळा बांधला जाईल असे समजावे. लहान लिंबाएवढे, सुमारे ३० ग्रॅमचे गोळे केले, की एवढ्या साहित्यात ४५ च्या आसपास होतात. ते तेल लावलेल्या चाळणीत मांडून वाफेवर २० मिनिटे उकडावेत. एक गोळा फोडून पाहावा. आत कोठेही गुलाबीपणा दिसता कामा नये. ज्यांच्याकडे उष्णता मोजण्याची सळई आहे त्यांनी गोळ्याच्या मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस झाल्याची खात्री करावी. खिम्याच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे. कारण अखंड तुकड्याच्या केवळ पृष्ठभागावर असणारे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळले जातात.

उकडलेले गोळे पसरट ताटात पंख्याखाली निववावेत, आणि दोन तासांच्या आत थंडीत गेले पाहिजेत. ते एकमेकांस न चिकटतील असे ताटात मांडून प्रथम तसेच गोठवावेत. कडक झाले की एका वेळेला लागतील तितकेच एकेका पिशवीत भरावेत, हवा दाबून काढावी, आणि वर तारीख व संख्या लिहावी. तारीख लिहिण्याचा आळस करू नये. तीन महिन्यांच्या आत ते संपवावेत. पुढे ते विषारी होतात असे नव्हे, पण चरबीला खवट वास येऊ लागतो. श्रावण पाळणाऱ्या घरांनी आषाढ संपण्यापूर्वी कप्पा रिकामा होईल असा हिशेब ठेवावा.

खाण्याच्या वेळी पिशवी आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवावी, अगर गोठलेले गोळे तसेच उकळत्या रश्श्यात सोडून पंधरा मिनिटे, आतून वाफ येईपर्यंत, शिजवावेत. अगदी लहान मुलास अखंड गोळा देऊ नये, तो घशात अडकण्याची भीती असते. कुस्करून भाकरीबरोबर द्यावा. आणि जेवणावर लगेच चहा देऊ नये. चहाने अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळा होतो. वर लिंबू पिळावे. त्याने भाजीतील लोह अधिक अंगी लागते.

असो. हे सारे सुरळीत चालले होते. नातू आवडीने खात होता, सूनबाईंना सायंकाळी श्वास घेण्यास सवड मिळत होती, आणि आम्ही आमचा 'शिळे' हा शब्द मागे घेतला होता. पुढे मे महिन्यात एके दिवशी सायंकाळी वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. चिरंजीव व सूनबाई लग्नासाठी परगावी गेले होते. गार पाणी घेण्यासाठी आम्ही रात्रीतून कपाट किती वेळा उघडले याची गणती नाही. सकाळी पाहतो तो दोन पिशव्यांतील गोळे मऊ पडून पिशवीत पाणी सुटलेले. सौभाग्यवती म्हणाल्या, "टाकून द्या." आमच्या डोळ्यांपुढे १९७२ साल उभे राहिले. मटणाचे भाव काय, आणि हे टाकावयाचे? दुपारी वीज आल्यावर ते पुन्हा गोठले. आम्ही मनात म्हणालो, झाले, पहिल्यासारखे झाले. सूनबाईंना आम्ही काही सांगितले नाही.

दोन दिवसांनी ते गोळे नातवाच्या ताटात गेले. रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. पहाटे त्याला दवाखान्यात दाखल करावे लागले. दोन दिवस सलाईन लावले होते. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून खाटकाला दोष देत होतो. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "हे मधे कधी वितळले होते का?" सूनबाई आमच्याकडे पाहत होत्या. उत्तर आम्हांला द्यावे लागले.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले ते असे. गोठल्याने जंतू मरत नाहीत. ते झोपी जातात. अन्न वितळून कोमट झाले की ते जागे होऊन वाढतात, आणि त्यांपैकी काही जाती असे विष सोडतात की जे नंतर उकळल्यानेही जात नाही. पुन्हा गोठविणे म्हणजे बिघडलेल्या अन्नावर केवळ चांगुलपणाचे पांघरूण घालणे. सांडगा भिजला तर त्याला बुरशी दिसते, वास येतो. तो स्वतः सांगतो की मला टाका. गोठलेला गोळा काही सांगत नाही. म्हणून त्याच्याबद्दल माणसाने खरे सांगावयाचे असते, आणि तेच आम्ही केले नव्हते.

तेव्हापासून आमच्या घरी काही नियम आहेत. वीज गेली की कपाट उघडावयाचे नाही. दार बंद राहिल्यास भरलेला स्वतंत्र फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरतो. आत एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचे नाणे ठेविले आहे. परगावाहून आल्यावर नाणे बर्फात खाली गेलेले दिसले, तर आपल्या पाठीमागे सारे वितळून पुन्हा गोठले होते असे समजावे आणि निमूटपणे टाकून द्यावे. आणखी एक. तीन महिन्यांची मुदत सांगितली ती उणे १८ अंश राखणाऱ्या फ्रीझरची. एका दाराच्या लहान कपाटात वर जो बर्फाचा कप्पा असतो, त्यात तेवढी थंडी बहुधा राहत नाही; त्यात चार-पाच दिवसांपुरतेच ठेवावे. अन्न टाकणे हे पाप खरे. परंतु नासलेले अन्न मुलाच्या ताटात वाढणे हे त्याहून मोठे पाप आहे. दुष्काळाने आम्हांला पहिले शिकविले होते, दुसरे शिकण्यास साठी ओलांडावी लागली.

आता शेवटची गोष्ट. घरी परत आल्यावर नातवाने गोळ्यांना हात लावण्याचे सोडले. एके दिवशी तो आमच्याजवळ येऊन म्हणाला, "आबा, ह्यात काय घातलं होतं? खरं सांगा." तो आजाराविषयी विचारीत होता, पण आमच्या मनात दुसरेच आले. छत्तीस वर्षे वर्गात आम्ही खोटे बोलणाऱ्या मुलांना शिक्षा केली, आणि घरी वर्षभर या पोराला दुधी व पालक नकळत चारीत होतो. हेतू चांगला होता, पदार्थ चांगला होता. तरी त्याच्यापासून दोन गोष्टी लपविल्या होत्या, एक सूनबाईंनी प्रेमाने आणि एक आम्ही भीतीने. आम्ही त्याला दोन्ही सांगितल्या.

दुधीचे ऐकून त्याला जितका राग आला तितका आजाराचे ऐकून आला नाही! दोन दिवस तो आमच्याशी बोलला नाही. तिसऱ्या रविवारी आम्ही किसणी घेऊन बसलो असता तो शेजारी येऊन उभा राहिला. आम्ही त्याच्या हाती गाजर दिले. हल्ली पिळलेल्या किसाचे वजन तो करतो, पिशवीवर तारीख तो लिहितो, आणि नाण्याची पाहणीही त्याच्याकडेच आहे. दुधीची भाजी तो अजूनही खात नाही; येथे खोटे सांगून उपयोग नाही. पण गोळ्यात दुधी आहे हे ठाऊक असून तो ते खातो, आणि गेल्या तपासणीत त्याच्या रक्ताचे प्रमाण सुधारले आहे. डॉक्टरांनी औषधही दिले होते. तेव्हा सारे श्रेय आम्ही गोळ्यांना देत नाही.

आपल्या समाजात माळकरी घरे पुष्कळ आहेत. त्यांना हा विषय परका वाटू नये. हरभऱ्याची व मुगाची डाळ भिजवून भरड वाटावी, त्यात याच भाज्या याच रीतीने पिळून व परतून घालाव्यात, गोळे उकडावेत, आणि नियम सर्व हेच पाळावेत. तो सांडगाच आहे. केवळ त्याला ऊन दाखविलेले नाही.

भगिनींनो, तुम्हांला यातील पुष्कळसे ठाऊक आहे. आमचे सांगणे विशेषकरून येथे मागच्या रांगेत बसलेल्या निवृत्त बंधूंना आहे. आपल्या आयांनी उन्हात बसून सांडगे तोडले, तेव्हा आपण ते कावळ्यांपासून राखण्याचे तेवढे काम केले. आणि तेही अर्धवट. आज घरातील सुना दिवसभर कष्टून येतात. रविवारचे दोन तास किसणी हाती धरल्याने आपला मान कमी होत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. मात्र जे कराल ते त्यांना विचारून करा, आणि चूक झाली तर त्याच दिवशी सांगा.